किहान्सीचा धबधबा, पाच एकरांचा तुषारपट्टा आणि तिथला भेक

पाणथळ (धागाकर्ता)

‘वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळलेला आहे की तो वापरताना कोणी क्षणभरही थांबत नाही. सांडव्यावरून गेलेले पाणी वाया गेले असे आपण म्हणतो आणि कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याकडे बघून तर हळहळतोच. टांझानियातील किहान्सी नदीच्या बाबतीत हा हिशेब जेमतेम इंचभर लांबीच्या एका प्राण्याने चुकीचा ठरवला. ती हकिगत मराठीत फारशी कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

किहान्सी ही दक्षिण टांझानियातील उडझुंग्वा डोंगरांतून उतरणारी नदी आहे. पठार सोडून किलोम्बेरोच्या सखल खोऱ्याकडे येताना ती जेमतेम तीन-चार किलोमीटरांत सुमारे ८५० मीटर खाली येते. हा उतार एका उडीत नव्हे, तर अनेक धबधब्यांच्या मालिकेने पार होतो. वरच्या जंगलामुळे उन्हाळ्यातही नदीला पाणी असते. धबधब्यांच्या पायथ्याशी, जिथे बारा महिने तुषारांचा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या वाऱ्याचा मारा चालू असे, तिथे मोठी झाडे टिकत नाहीत. त्यांच्या जागी सेलाजिनेला या नेच्याच्या भाऊबंदांतील वनस्पतीची गुडघ्याच्या खाली राहणारी, कायम ओथंबलेली दुलई पसरलेली होती. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यांवर जी नाजूक हिरवी नक्षी चढते, तिचीच ही जातभाई. अशा तुषारांनी भिजलेल्या कुरणांचे एकूण क्षेत्र दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर होते.

या पाच एकरांत एक भेक (बेडकाचाच एक प्रकार) राहत होता आणि जगात दुसरीकडे कुठेही राहत नव्हता. त्याचे शास्त्रीय नाव नेक्टोफ्रिनॉइडिस ॲस्परजिनिस. नावाचा दुसरा भाग तुषार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, त्यामुळे या धाग्यापुरते मी त्याला तुषारभेक म्हणतो. रंग मोहरीसारखा पिवळा, अंगावर गडद पट्टे, नराची लांबी जास्तीत जास्त १९ मिलीमीटर आणि मादीची २९. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलीमीटर व्यासाचे असते, म्हणजे पूर्ण वाढलेली मादी त्यावर बसवली तर तिचे तोंड किंवा पार्श्वभाग थोडासा बाहेर येईल.

त्याची खरी नवलाई पुढे आहे. बेडकांच्या जगात पाण्यात अंडी, मग शेपटीवाली पिल्ले आणि मग चार पाय हा क्रम आपण शाळेत पाठ केलेला असतो. तुषारभेकाची मादी अंडी घालतच नाही. तिच्या पोटातच पिल्लांची वाढ पूर्ण होते आणि ती थेट हातपाय असलेल्या, साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या पिल्लांना जन्म देते. मादीच्या पोटाची कातडी इतकी अर्धपारदर्शक असते की गाभण मादीच्या पोटातली पिल्ले बाहेरून दिसतात. ज्याच्या घराच्या आसपास साचलेले पाणीच नाही, केवळ उडते आणि घसरते पाणी आहे, त्याने डबक्याची गरजच आयुष्यातून काढून टाकावी, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

हा प्राणी विज्ञानाला सापडला तो १९९६ साली, आणि दुर्दैव असे की तेव्हा धरणाचे काम सुरू झालेले होते. जॉन पॉयंटन, किम हॉवेल आणि त्यांच्या सहकारी प्राणिशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले तोवर १९९९ साल उजाडले. त्याच सुमारास १८० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण होत आला. वरच्या अंगाला केवळ २५ मीटर उंचीचे धरण, तिथून डोंगराच्या पोटातून बोगदा आणि खाली भूमिगत वीजगृह अशी ही रचना आहे. घळीतून वाहणारे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी बोगद्यात गेले. धबधबा अगदी कोरडा पडला नाही, पण तुषार थांबले. सेलाजिनेलाची दुलई सुकू लागली आणि तिच्या जागी कोरड्या जमिनीवरची झुडपे शिरू लागली. धरणामुळे जमीन पाण्याखाली जाते हे आपण जाणतो. इथे घर बुडाले नाही, ते वाळले.

२००० सालच्या अखेरीस ४९९ भेक पकडून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. घळीत नळ्या टाकून कृत्रिम तुषारांची व्यवस्था करण्यात आली. त्यानंतर जे घडले ते सरळ नाही, पण धागा आधीच लांबला आहे, त्यामुळे ते प्रतिसादांत लिहितो.

घाटवाट

लेख आवडला. एक शंका आहे. पाच एकरांत मावणारी जात मुळातच नष्ट होण्याच्या वाटेवर होती असे म्हणता येणार नाही का? एखादी दरड कोसळली असती तरी हाच परिणाम झाला असता. आणि शेजारच्या दुसऱ्या एखाद्या धबधब्याखाली हे भेक नेऊन सोडणे कोणाला सुचले नाही का?

पाणथळ

घाटवाट, ‘थोडे आहेत म्हणजे कमकुवत आहेत’ हा समज इथे लागू पडत नाही. त्या पाच एकरांत मोजणीनुसार सतरा ते वीस हजार भेक होते, म्हणजे दाटीवाटीने आणि सुखाने नांदत होते. नेक्टोफ्रिनॉइडिस या प्रजातीतील सगळ्या जाती टांझानियातच आढळतात. हे जुने, एकाकी डोंगर आहेत आणि प्रत्येक डोंगराने आपापले प्राणी वेगळे घडवले आहेत. याच घळीत रानकॉफीची एक स्वतंत्र जात आहे, कॉफिया किहान्सिएन्सिस, आणि तिचेही नाव या नदीवरूनच पडले आहे.

दुसऱ्या धबधब्याबद्दल सांगायचे तर नुसते पाणी पडून भागत नाही. वर्षभर न आटणारा प्रवाह, तुषारांचा बारीकपणा, जवळजवळ स्थिर राहणारे तापमान, तुषारांबरोबर येणारा वारा आणि विशिष्ट कीटक हे सारे एकत्र लागते. शिवाय परका प्राणी नेऊन सोडताना तिथल्या प्राण्यांना रोग देण्याचा धोकाही असतोच.

निवृत्त अभियंता

मी आयुष्यभर जलविद्युत प्रकल्पांवर काम केले आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद काहींना रुचणार नाही. धागाकर्त्यांनी भेकाची बाजू उत्तम मांडली, पण विजेची बाजू एका वाक्यात उरकली. सेकंदाला एक घनमीटर पाणी ८५० मीटर उंचीवरून सोडले, तर यंत्रांची घट धरूनही सात मेगावॉटच्या आसपास वीज मिळते. इतक्या कमी पाण्यात, इतक्या छोट्या जलाशयात, जवळपास कोणाचे गाव न बुडवता १८० मेगावॉट देणारी जागा अभियंत्याला आयुष्यात एखादीच भेटते. नव्वदच्या दशकातील दुष्काळांत टांझानियाने कडक भारनियमन सोसले होते. तिथल्या रुग्णालयातील शीतकपाटापेक्षा भेक मोठा आहे असे कोणी म्हणणार असेल, तर त्याने ते तिथे जाऊन म्हणावे.

एक मात्र मान्य करतो. नदीचा विसर्ग मोजणे आम्हाला शिकवले होते, धबधब्याखाली किती तुषार पडतात ते मोजायला कोणी शिकवले नव्हते. आमच्या आराखड्यांत धबधबा म्हणजे केवळ उंचीतला फरक असे.

दार-ए-सलामकर

मी गेली अनेक वर्षे टांझानियात नोकरीनिमित्त राहतो. अभियंता साहेबांच्या मताला माझा अर्धा पाठिंबा आहे. भारनियमनाच्या काळात संध्याकाळी सगळ्या गल्लीत जनित्रांची घरघर सुरू होत असे आणि ज्यांच्याकडे जनित्र नव्हते ते रॉकेलच्या दिव्यावर भागवत. किहान्सी सुरू झाल्यावर राष्ट्रीय विजेचा फार मोठा हिस्सा तिथून येऊ लागला, हे खरे आहे.

उरलेला अर्धा विरोध मात्र गंभीर आहे. प्रकल्प उभारण्यासाठी बाहेरून कर्ज आले, त्यात जागतिक बँकही होती. घळीतील जीवसृष्टीचा सखोल अभ्यास कधी सुरू झाला? बांधकाम सुरू झाल्यानंतर. ज्यांनी कर्ज दिले त्यांच्या नियमांत हा अभ्यास आधी बसायला हवा होता. तो उशिरा झाल्यामुळे भेक वाचवण्याचा सगळा खर्च आणि सगळी बदनामी एका गरीब देशाच्या वाट्याला आली. इथे कित्येक वर्षे ‘बेडकासाठी परदेशी लोक आमची वीज तोडायला निघाले आहेत’ असा सूर ऐकू येत असे. आधी पाहिले असते तर थोडे पाणी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवून आराखडाच तसा करता आला असता, आणि भेक व वीज असा सामना लागलाच नसता.

पाणथळ

दोघांचेही आभार. अभियंता साहेब, तुमचाच हिशेब पुढे नेतो. मूळ प्रवाह सरासरीने सेकंदाला सोळा घनमीटरांच्या आसपास होता. घळीसाठी आता जे किमान पाणी सोडले जाते ते दीड ते दोन घनमीटर आहे. तुमच्या सात मेगावॉटने गुणले तर ही दहा ते चौदा मेगावॉटची सोडलेली वीज होते. रक्कम लहान नाही, पण १८० पुढे ती ठेवून पाहावी. ‘भेक की रुग्णालय’ असा तो प्रश्न नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे. मात्र इतक्या पाण्याने पूर्वीसारखे तुषार उडत नाहीत, म्हणून नळ्या आणि तोट्या लागल्याच.

आता राहिलेली हकिगत. कृत्रिम तुषार सुरू झाल्यावर भेकांची संख्या सावरली. जून २००३च्या मोजणीत ती वीस हजारांच्या पुढे होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. जानेवारी २००४मध्ये शोध घेतला तेव्हा तीन भेक दिसले आणि दोन नरांचा आवाज ऐकू आला. मधे सात महिनेच गेले होते.

काय झाले यावर एकमत नाही, पण संशयित तीन आहेत. त्या सुमारास कृत्रिम तुषारांची यंत्रणा बिघडली होती. त्याच काळात धरणाच्या तळाचे दरवाजे उघडून साचलेला गाळ खाली सोडण्यात आला, आणि वरच्या शेतांतून आलेल्या त्या गाळात कीटकनाशकांचे अंश होते. तिसरा संशयित मेलेल्या भेकांच्या कातडीत सापडला. कायट्रिड नावाची ही बुरशी उभयचरांच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार यांची देवाणघेवाण करतो, आणि बुरशीने ती बिघडवली की रक्तातील क्षारांचे प्रमाण ढासळून शेवटी हृदय बंद पडते. बहुतेक जाणकारांचे बोट या बुरशीकडे आहे. मला स्वतःला वाटते की आधीच नळीच्या पाण्यावर जगणाऱ्या, हवापालट सोसून थकलेल्या प्राण्यांवर ती आली. अर्थात, हे माझे अनुमान आहे.

२००९मध्ये हा भेक निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

लेकाकडे आलेली आजी

मी पुण्याची, सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. तुमचा धागा वाचून मुलाला म्हटले की हा प्राणी इथून जवळच आहे, तर दाखव. परवा रविवारी नातवाला घेऊन ब्राँक्सला गेलो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनात काचेची एक पेटी आहे. पहिली पाच मिनिटे मला ओले शेवाळे आणि काचेवरचे थेंब याखेरीज काहीही दिसले नाही. नातवाने बोट दाखवले तेव्हा कळले की ज्याला मी पिवळे पडलेले पान समजत होते, त्याला डोळे आहेत. मग एकदम दहा-बारा दिसू लागले. मधेच वरून बारीक फवारा सुरू झाला, तशी काच धुरकट झाली आणि सगळे झाकून गेले. नातू म्हणाला, ‘आजी, यांच्या घरात रोजच पाऊस पडतो.’

त्या पेटीपुढे पाटी वाचत उभी राहिले असताना एक प्रश्न मनात आला. ४९९ भेक इथे आणले म्हणता, मग ते इथे सहज वाढले का?

पाणथळ

आजी, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचे सार्थक झाले. नाही, ते सहज वाढले नाहीत. पहिली काही वर्षे फार वाईट गेली. भेक वेगवेगळ्या प्राणिसंग्रहालयांत वाटले गेले आणि बहुतेक ठिकाणी मरत गेले. या प्राण्याला नेमके काय लागते हे कोणालाच माहीत नव्हते. तो घळीत काय खात होता, किती ऊन घेत होता याचा अभ्यास व्हायच्या आतच त्याला उचलावे लागले होते. डिसेंबर २००४पर्यंत बंदिवासात सत्तरहून कमी भेक उरले होते. म्हणजे घळीत दिसलेले तीन आणि अमेरिकेत सत्तरच्या आत, अशी त्या वर्षाची जगातील शिल्लक होती.

मग हळूहळू गणित जमले. दिव्यांतील अतिनील किरणांचे प्रमाण, फवाऱ्याच्या वेळा, खाद्यातील जीवनसत्त्वे आणि साबुदाण्याएवढ्या पिल्लाच्या तोंडात मावेल इतके बारीक कीटक अशा एकेक गोष्टी चुकत-सुधारत शिकल्या गेल्या. ब्राँक्स आणि ओहायो राज्यातील टोलेडो या दोन प्राणिसंग्रहालयांनी ही जात तारली. ऑगस्ट २०१०मध्ये शंभर भेक विमानाने दार-ए-सलामला परत गेले. तिथल्या विद्यापीठात त्यांच्यासाठी खास केंद्र उभारले होते. २०१२मध्ये भेक पुन्हा किहान्सीच्या घळीत सोडण्यात आले. निसर्गातून नामशेष ठरलेला उभयचर त्याच्या मूळ जागी परत सोडण्याची ही जगातील पहिलीच वेळ होती. याला मी यशोगाथा म्हणणार नाही, कारण बुरशी घळीत आहेच आणि सोडलेले भेक कायमचे रुजले असे म्हणण्याची घाई कोणी करू नये.

सडा आणि आंबा

मूळ विषय सोडत नाही, पण कोकणाशी जोडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आंबोलीचा धबधबा पाहायला दर पावसाळ्यात हजारो लोक येतात. त्याच परिसरात सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जांभ्या खडकातील वीतभर डबक्यांत, आंबोली भेक नावाचा एक भेक पावसाच्या सुरुवातीला जमतो. झँथोफ्रिन टायग्रिना असे त्याचे शास्त्रीय नाव आहे, २००९ साली त्याचे वर्णन झाले आणि जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याचा जवळचा भाऊबंद कोयना भेक. त्याचे वर्णन १९६३ साली झाले, म्हणजे कोयना धरण पूर्ण होण्याच्या सुमारास.

तुषारभेकाने डबक्याची गरज सोडून दिली आणि आमच्या भेकाने वीतभर डबक्यावर भागवले. पण तेही नको त्या वेळी आटले किंवा त्यावरून गाडीचे चाक गेले की वर्षाची पिल्ले जातात. मी लहानपणी आजोळी त्या डबक्यांतून पाय आपटत जात असे, त्यात काही असेल हे मनातही आले नाही. आता सुट्टीत जातो तेव्हा रात्री गाडी चालवताना जीव मुठीत धरतो, स्वतःचा नव्हे, रस्त्यावर बसलेल्यांचा.

घाटवाट

सडा आणि आंबा, तुमच्या प्रतिसादावर स्वतंत्र धागा निघायला हवा. माझी आधीची शंका मी मागे घेतो. आता दुसरी विचारतो. किहान्सी पाहायला जाता येते का?

दार-ए-सलामकर

हौसेने भेट देण्याचे ते ठिकाण नाही आणि तसे होऊही नये. ज्या बुरशीबद्दल वर लिहिले आहे ती ओल्या बुटांवरून आणि जाळ्यांवरून प्रवास करू शकते. जिथे उभयचरांवर काम चालते तिथे संशोधकसुद्धा बूट जंतुनाशकात धुऊन मगच आत पाऊल टाकतात. उडझुंग्वाचे राष्ट्रीय उद्यान मात्र वेगळे आहे आणि तिथे पर्यटकांना जाता येते. ते जंगल आणि तिथले धबधबे पाहावेत, किहान्सीचे नाव काढू नये.

लेकाकडे आलेली आजी

नातवाचा प्रश्न जसाच्या तसा देते. ‘रात्री वीज गेली तर जंगलातल्या बेडकांचा फवारा बंद पडतो का?’

निवृत्त अभियंता

आजी, नातवाला सांगा की प्रश्न अभियंत्याला शोभणारा आहे. या व्यवस्थेला पंप लागत नाही. पाणी वरच्या उंचीवरून नळीत घेतलेले असते आणि स्वतःच्याच दाबाने खालच्या तोट्यांतून फुटते, त्यामुळे वीज असो वा नसो, फवारा चालतो. अशा बारीक तोट्यांचा खरा शत्रू वेगळा असतो. नदीच्या पाण्यात गाळ आणि पालापाचोळा असतो, गाळणी तुंबली की दाब पडतो आणि तुषारांऐवजी नुसती धार गळू लागते. वीजगृहात आमच्याकडेही पाणी घेण्याच्या तोंडाशी जाळ्या असत आणि पावसाळ्यात रात्रपाळीचा माणूस लांब दाताळे घेऊन त्या साफ करत असे. किहान्सीच्या घळीतही असाच कोणीतरी निसरड्या वाटेने चढून जाऊन गाळणी उघडत असेल, आत अडकलेली पाने बोटांनी काढत असेल आणि झाकण पुन्हा आवळून खाली येत असेल.